पायथॅगोरसचा आहार आणि श्रावकाचे व्रत

वसई आणि नायगाव यांच्या परिसरात, खाडीच्या उत्तरेस, उमेळे हे गाव आहे. येथून उत्तरेकडे थोड्याच अंतरावर नालासोपारा लागते. आज ते नाव लोकलच्या एका गजबजलेल्या स्थानकाचे म्हणून कानावर पडते. परंतु दोन सहस्र वर्षांपूर्वी 'शूर्पारक' या नावाने ते पश्चिम किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख 'सुप्पारा' असा येतो, आणि दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी यानेही त्याची नोंद घेतली आहे. गेल्या काही दशकांत मुंबईतील अनेक जैन कुटुंबे वसई-विरारच्या ज्या पट्ट्यात स्थायिक झाली, तो पट्टा ग्रीक भाषेत लिहिणाऱ्यांना इतक्या जुन्या काळापासून ठाऊक होता.

जैन परंपरेलाही सोपारा परके नाही. बारा वर्षांच्या भीषण दुष्काळात येथील श्रेष्ठी जिनदत्त आणि त्यांची पत्नी ईश्वरी यांनी निराश होऊन विष मिसळलेले अन्न कुटुंबासह घेण्याचे ठरविले. त्या क्षणी आर्य वज्रसेनसूरींनी त्यांना थांबविले, आणि दुसऱ्याच दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदरात आली, अशी कथा श्वेतांबर परंपरेत सांगितली जाते. त्यांच्या नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांनी पुढे दीक्षा घेतली. समुद्र, व्यापार आणि धर्म या तिन्हींचा संबंध या भूमीशी किती जुना आहे, हे या कथेवरून ध्यानात येते.

सन 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पुढे 1956 मध्ये वसई तालुक्यातीलच भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा विषय असा की, पूर्वीचे राजे शिकार आणि विलास यांसाठी यात्रा काढीत. अशोकाने त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केल्या. नवव्या लेखात, मंगलकार्यांच्या नावाने होणाऱ्या निरर्थक विधींपेक्षा सेवकांशी योग्य वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान हेच खरे मंगल होय, असे प्रतिपादन आहे. अशोक बौद्ध धर्माचा अनुयायी होता. तथापि 'प्राण्यांविषयी संयम' हे शब्द कोणत्याही श्रावकास आपल्याच घरातले वाटतील.

याच अशोकाचा एक लेख 1958 मध्ये अफगाणिस्तानातील कंदाहार येथे उजेडात आला. तो ग्रीक आणि अरामाइक अशा दोन भाषांत कोरलेला आहे. राजा सजीवांपासून, म्हणजे त्यांच्या मांसापासून, दूर राहतो. इतर लोकही तसेच वागतात. आणि राजाच्या शिकाऱ्यांनी व कोळ्यांनी आपले काम थांबविले आहे, असा त्याचा आशय आहे. या लेखाचा ग्रीक अनुवाद करणाऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला असेल: प्राण्यास न मारणे आणि न खाणे हा विचार ग्रीक वाचकास कोणत्या शब्दांत सांगावा? त्याने 'एम्प्सिखॉन' हा शब्द योजला. ज्याच्यात जीव आहे, ते एम्प्सिखॉन. सजीवांपासून विरती हा शब्दप्रयोग ग्रीक भाषेत एका विशिष्ट तत्त्वपरंपरेशी निगडित होता. ती परंपरा पायथॅगोरसची.

शाळेत भूमितीच्या सिद्धान्तामुळे परिचित झालेला पायथॅगोरस इ.स. पूर्व 570 च्या सुमारास सॅमोस बेटावर जन्मला आणि पुढे दक्षिण इटलीतील क्रोटोन येथे जाऊन राहिला. म्हणजे स्थूलमानाने तो भगवान महावीरांचा समकालीन होय. त्याने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. त्याच्याभोवती जमलेल्या शिष्यांचा एक संघ होता. त्यात मौनाला मोठे महत्त्व होते आणि मित्रांची मालमत्ता सामाईक मानली जाई. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, माणसाच्याही आणि प्राण्याच्याही, ही त्यांची मूळ श्रद्धा होती. कुत्र्याच्या पिलास मारणाऱ्या एका माणसास पायथॅगोरसने थांबविले आणि त्या पिलाच्या विव्हळण्यात आपल्याला एका दिवंगत मित्राचा आवाज ओळखू आला असे सांगितले, ही आख्यायिका त्याच्याच काळच्या एका कवीने थट्टेने नोंदविली आहे. थट्टा झाली म्हणून का होईना, त्या समाजात हा विचार किती नवा वाटला असेल, हे तीवरून कळते.

या परंपरेतील एका उत्तरकालीन उपदेशसंग्रहात शिष्यास सांगितले आहे की, दिवसभरातील कृत्ये तीनदा तपासल्याखेरीज झोपी जाऊ नये: कोठे चुकलो, काय केले, कोणते कर्तव्य राहून गेले. प्रतिक्रमण करणाऱ्या कुटुंबास हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र साम्य पाहून घाईने एकरूपता मानणे योग्य ठरणार नाही. पायथॅगोरस स्वतः पूर्णतः शाकाहारी होता की नाही, याविषयी प्राचीन लेखकांतच मतभेद आहेत. त्या परंपरेत वाल-घेवड्यासारखी एक शेंग निषिद्ध होती आणि मध चालत असे. जैन आचारात मध वर्ज्य आहे. पृथ्वी, जल, वनस्पती यांतील एकेंद्रिय जीवांपर्यंत पोहोचणारी सूक्ष्म दृष्टी ग्रीकांकडे नव्हती.

या परंपरेचे सर्वांत समर्थ विवेचन तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने केले. त्याच्या चार भागांच्या ग्रंथाच्या नावातच, कंदाहारच्या शिलेवर कोरलेले 'सजीवांपासून विरती' हे शब्द आहेत. ग्रंथाचे निमित्त मोठे मननीय आहे. पॉर्फिरीचा फर्मस कॅस्ट्रिशियस नावाचा एक मित्र होता. तो याच वर्तुळात शाकाहारी झाला होता आणि पुढे त्याने पुन्हा मांसाहार सुरू केला. त्या मित्रास परत वळविण्यासाठी पॉर्फिरीने लेखणी उचलली.

विशेष हे की त्याने विरोधकांचे म्हणणे टाळले नाही. प्रथम तेच सविस्तर मांडले. प्राणी मारले नाहीत तर त्यांची संख्या अनावर होईल. प्राण्यांना विवेक नाही, म्हणून त्यांच्याशी न्याय-अन्यायाचा प्रश्नच येत नाही. आणि वनस्पतींतही जीव आहे, मग त्या तरी का खाव्यात? महाविद्यालयात किंवा कार्यालयात जाणाऱ्या जैन तरुणास आज सहकाऱ्यांच्या पंगतीत जे प्रश्न विचारले जातात, ते असे सतराशे वर्षांहून जुने आहेत. पॉर्फिरीचे उत्तर थोडक्यात असे: प्राण्यांना वेदना, भय आणि स्मृती आहे, त्यांचा आवाज आपल्याला कळत नाही म्हणून तो अर्थहीन ठरत नाही, जो आपल्याला उपद्रव देत नाही त्यास मारणे हा अन्यायच होय. फळ घेतल्याने झाड मरत नाही. प्राण्याचे मांस मात्र त्याचा प्राण घेतल्याविना मिळत नाही. जेथे हानी पूर्णपणे टाळता येत नाही तेथे ती कमीत कमी करणे, हाच या उत्तराचा गाभा आहे. ग्रंथाच्या अखेरच्या भागात अशा आहाराची उदाहरणे देताना त्याने भारतातील ब्राह्मण आणि 'सामानाइओइ' यांचे वर्णन केले आहे. हा दुसरा शब्द 'श्रमण' या शब्दाचेच ग्रीक रूप होय.

तथापि याच ग्रंथात एक मर्यादा आहे, आणि व्यापारी कुटुंबांनी ती लक्षपूर्वक पाहावी. पॉर्फिरी आरंभीच स्पष्ट करतो की आपला उपदेश कारागीर, मल्ल, सैनिक, नाविक किंवा व्यवहारात गढलेल्या लोकांसाठी नाही. तो केवळ तत्त्वचिंतनास वाहून घेतलेल्यांसाठी आहे. बाजारात बसणाऱ्यास त्याने आपल्या शिकवणीच्या बाहेर ठेवले. जैन शासनाची रचना याहून निराळी आहे. साधूंसाठी महाव्रते, तर श्रावक-श्राविकांसाठी अणुव्रते. दुकान चालवणारा, हिशेब लिहिणारा, घर सांभाळणारी ही सारी माणसे चतुर्विध संघाचे अंग आहेत. ग्रीकांकडे तर्क होता, परंतु तो पिढ्यान्‌पिढ्या जपणारे घर नव्हते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने तरुणपणी या शिकवणीने प्रभावित होऊन सुमारे वर्षभर मांस सोडले होते. त्या सुमारास असा आहार परकीय पंथाचे लक्षण समजला जाऊ लागला, आणि वडिलांच्या सांगण्यावरून त्याने तो सोडून दिला. घराची साथ नसली की पटलेला विचारही किती लवकर मागे पडतो, याचे हे उदाहरण आहे.

असे असूनही परंपरा लुप्त झाली नाही. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात पायथॅगोरसच्या मुखी मांसाहाराविरुद्ध दीर्घ भाषण आहे, आणि ते युरोपात शतकानुशतके वाचले गेले. मांस न खाणाऱ्यास इंग्रजीत दीर्घकाळ 'पायथॅगोरियन' असेच म्हटले जाई. सन 1847 मध्ये इंग्लंडमध्ये शाकाहारी मंडळाची स्थापना झाली, आणि त्यानंतर 'व्हेजिटेरियन' हा शब्द सर्वत्र रूढ झाला. 1883 मध्ये हॉवर्ड विल्यम्स यांनी 'द एथिक्स ऑफ डाएट' या ग्रंथात पायथॅगोरसपासून आपल्या काळापर्यंतच्या अशा विचारवंतांचा इतिहास सांगितला.

हा ग्रंथ लंडनमध्ये वाचणाऱ्यांत एक भारतीय विद्यार्थी होता: मोहनदास करमचंद गांधी. सन 1888 मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी त्यांनी मातोश्रींच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. लंडनमध्ये एका मित्राने त्यांना मांसाहाराकडे वळविण्यासाठी बेन्थॅमचे तत्त्वज्ञान वाचून दाखविले. आत्मकथेत गांधीजी सांगतात की त्या युक्तिवादाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. प्रतिज्ञा मोडता येणार नाही, एवढेच ते म्हणू शकले. त्या काळी तर सर्व भारतीयांनी मांस खावे असे त्यांना मनातून वाटत असे. पुढे एका शाकाहारी उपाहारगृहात हेन्री सॉल्ट यांचे छोटे पुस्तक त्यांच्या हाती आले. ते वाचल्यानंतर आपण स्वेच्छेने शाकाहारी झालो, असे त्यांनी लिहिले आहे. विल्यम्स यांचा ग्रंथ त्यानंतरचा. 1891 मध्ये ते मुंबईस परतले तेव्हा त्यांची भेट श्रीमद् राजचंद्र यांच्याशी झाली. जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत असतानाही आत्मचिंतनात रमलेल्या या जैन गृहस्थाचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. जैन साधूंसमोर घेतलेल्या व्रताने गांधीजींना त्या कठीण काळात सावरून धरले. व्रत नसते तर पुस्तक हाती येण्यापूर्वीच त्यांचा आचार ढळला असता. परंतु केवळ व्रताच्या बळावर ते युक्तिवादास उत्तर देऊ शकले नाहीत; ते बळ त्यांना विचाराने दिले, आणि त्या विचाराच्या मुळाशी पायथॅगोरसपासून चालत आलेली परंपरा होती. व्रताने आचार टिकला आणि विचाराने तो त्यांचा स्वतःचा झाला.

आज शिक्षण आणि व्यवसाय यांसाठी जैन कुटुंबांतील मुले-मुली पुणे, बंगळुरू आणि परदेशापर्यंत जातात. त्यांच्याबरोबर खाखरे आणि सुके पदार्थ आवर्जून दिले जातात, घरून दररोज चौकशीही होते. तेवढ्याच काळजीने त्यांना कारणेही दिली गेली पाहिजेत. 'आपल्यात चालत नाही' हे उत्तर घराच्या उंबरठ्याच्या आत पुरते. बाहेर ते पुरत नाही. मुलाने 'वनस्पतीतही जीव आहे, मग ती का खायची?' असे विचारले, तर त्यास उद्धट समजून गप्प करणे हा मार्ग नव्हे. तो प्रश्न पॉर्फिरीने गंभीरपणे घेतला होता, आणि जैन शास्त्रांत तर इंद्रियांच्या संख्येनुसार जीवांचा विचार करून त्याचे अधिक नेमके उत्तर दिलेले आहे. ते उत्तर आई-वडिलांना आधी ठाऊक असावे लागेल. पर्युषणातील एखादी संध्याकाळ, स्वाध्यायाचा एखादा तास या चर्चेसाठी राखून ठेवता येईल. पॉर्फिरीस आपल्या मित्रासाठी चार भागांचा ग्रंथ लिहावा लागला; श्रावकाच्या घरी तेच काम ताटावर बसल्या-बसल्या, मुलांशी मोकळेपणाने बोलून होऊ शकते.