दगडाचा पोत आणि उन्हाची तिरीप



प्रवासाहून परतलेल्या कुटुंबाकडे पाहुणे आले की हल्ली जाड पुठ्ठ्याचा अल्बम बाहेर निघत नाही. मोबाइलच हातोहात फिरतो. डोंगर, धबधबे, समुद्रकिनारे अशी शेदोनशे चित्रे पाच मिनिटांत डोळ्यांपुढून सरकतात आणि पाहणारा विनयाने ‘सुरेख’ असे म्हणून तो परत करतो. चित्रे काढणाऱ्यास मात्र मनातून चुटपुट लागलेली असते, की आपण जे पाहिले ते यांत उतरलेच नाही. आमच्याकडे निसर्गचित्रे पाठविणारे पुष्कळ वाचकही सोबतच्या पत्रात हेच लिहितात.

यात दोष यंत्राचा क्वचितच असतो. बटण दाबण्यापूर्वी तीन प्रश्न मनाला विचारावयाचे राहून गेलेले असतात. प्रकाश कोठून येत आहे? समोरची वस्तू केवढी आहे? आणि हे चित्र कोठले व कधीचे, हे वीस वर्षांनी कोण सांगणार? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत उपेक्षित आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. परंतु आरंभ पहिल्यापासून करू.

खडक, वाळू, झाडाची साल, आटलेल्या तळ्यातील भेगाळलेली माती यांचे सौंदर्य रंगात कमी आणि पोतात अधिक असते. पोत म्हणजे तरी काय? पृष्ठभागावरील बारीक उंचसखलपणाने पाडलेल्या असंख्य लहान सावल्या. सूर्य डोक्यावर आला की या सावल्या नाहीशा होतात आणि खडबडीत कातळही चित्रात सपाट दिसू लागतो. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे झाले म्हणजे तोच कातळ पुन्हा बोलू लागतो.

कर्नाटकात उडुपीजवळील मलपे बंदरासमोर सेंट मेरी बेटे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि पाच, सहा किंवा सात बाजूंचे दगडी स्तंभ तयार झाले. ते जणू कोणी ओळंबा लावून उभे केले असावेत असे वाटते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या स्थळाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानले आहे. भर दुपारी घेतलेल्या चित्रात येथे काळ्या दगडांचा नुसता ढीग दिसतो. ऊन कलल्यावर प्रत्येक स्तंभाची एक बाजू उजळते, शेजारची अंधारते, आणि कोन न् कोन मोजता येईल इतका स्पष्ट होतो. मात्र पावसाळ्यात तेथील नावा बंद असतात आणि इतर दिवसांतही परतीची वेळ ठरलेली असते. ती आधी विचारून घ्यावी.

तथापि ‘तिरपे ऊन उत्तम’ हा नियम सर्वत्र लावू नये. मेघालयातील खासी व जैंतिया लोक रबराच्या जातीच्या वडाची जिवंत मुळे ओढ्यावरून पलीकडे वळवून पूल वाढवितात. असा पूल वापरण्याजोगा होण्यास पंधरा ते तीस वर्षे लागतात. तेथील दाट झाडीत ऊन शिरले की चित्रात पांढऱ्या ठिपक्यांची आणि काळ्या डागांची गर्दी होते. मुळांचा पीळ त्यात हरवतो. याउलट आभाळ भरून आलेले असताना प्रकाश सर्व बाजूंनी मऊपणे पसरतो आणि ओल्या सालीचा रंग व शेवाळाची हिरवी छटा यथार्थ उमटते. तेव्हा ढग आले म्हणून कॅमेरा पिशवीत घालण्याचे कारण नाही. उघड्या कातळासाठी ऊन आणि अरण्यासाठी ढग, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

कच्छच्या मोठ्या रणात आणखी एक अडचण येते. पावसाळ्यात तेथे पाणी पसरते आणि ते आटल्यावर हिवाळ्यात मिठाचा पांढरा थर उरतो. इतका शुभ्र विस्तार पाहून कॅमेरा आपणहून प्रकाश कमी करतो आणि मीठ राखाडी दिसते. पडद्यावर मिठावर बोट टेकवावे आणि उजेडाची पट्टी किंचित वर सरकवावी. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणल्यास मिठाच्या कडांचे बहुकोनी जाळे पायांशी सुरू होऊन क्षितिजापर्यंत गेलेले दिसेल. हा सीमावर्ती प्रदेश असल्याने प्रवेशाचा परवाना मात्र काढावा लागतो.

आता दुसरा प्रश्न. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, टाकळी हाजी व निघोज या गावांच्या मधून कुकडी नदी वाहते. तिच्या पात्रातील काळ्या पाषाणात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे गरगर फिरले आणि त्यांनी कातळ रांजणासारखा कोरून काढला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की हे खळगे उघडे पडतात. त्यांचे नुसते चित्र पाहणाऱ्यास दाखवा. समोर उखळ आहे की विहीर, हे त्यास सांगता येणार नाही. निसर्गातील आकार लहान असोत वा मोठे, पुष्कळदा सारखेच दिसतात. म्हणून चौकटीत एखादी ओळखीची वस्तू असावी. बारीक पोताशेजारी एखादे नाणे, मध्यम खडकाशेजारी छत्री वा काठी आणि विशाल देखाव्यात दूरवर उभा असलेला माणूस पुरेसा होतो. परंतु अशा खळग्यांच्या निसरड्या काठावर मुलांना चित्रासाठी कदापि उभे करू नये. तेथील पाणी खोल आहे.

यानंतर तिसरा प्रश्न उरतो. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये भारतात आला. काचेवर कोलोडियनचा ओला थर द्यावयाचा, तो वाळण्यापूर्वी चित्र घ्यावयाचे आणि लगेच तंबूतील अंधारात ते धुवावयाचे, अशी तेव्हाची रीत होती. काचा, रसायने आणि तंबू पाठीवर वाहणाऱ्या हमालांचा तांडा बरोबर घेऊन तो १८६६ मध्ये गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, गोमुखास पोहोचला. त्याने ते चित्र सौंदर्यासाठी घेतले. पुढे १९३५ मध्ये भूवैज्ञानिक ऑडन यांनी त्या मुखाचा नकाशा मोजून काढला. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून अधिक मागे हटले आहे. बर्फ कोठवर होते आणि आज कोठे आहे, हे सांगताना नकाशाइतकीच जुनी छायाचित्रेही साक्षीस येतात. बोर्नच्या काचेवर स्थळ आणि काळ यांची खूण राहिली नसती, तर ते कोण्या अनाम हिमगुहेचे एक देखणे चित्र एवढेच उरले असते.

आपल्या परिसरातही असे बदल घडत असतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. अशा वेळी ‘पूर्वी कधी असे झाले होते काय’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडी येतो. त्याचे उत्तर देण्यास जुने चित्र उपयोगी पडते. पण त्यावर तारीख असेल तरच. गावाबाहेरची टेकडी खाणीत जाते, ओढ्याचे पात्र वाळूउपशाने खचते, तेव्हाही हेच खरे.

म्हणून एक सवय लावून घ्यावी. चित्र घेतल्यावर त्याच दिवशी स्थळ, जवळचे गाव, तारीख, वेळ आणि आपले तोंड कोणत्या दिशेस होते, एवढे लिहून ठेवावे. मोबाइल यांतील काही नोंदी आपणहून करतो हे खरे. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीप्रमाणे पाठविलेल्या चित्रातून त्या गळून जातात आणि चित्रही लहान होते. मूळ चित्र जपावयाचे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि घरी त्याची दुसरी प्रत ठेवावी. निवडक दहा-वीस चित्रे कागदावर छापून मागील बाजूस मऊ पेन्सिलीने मजकूर लिहिला, तर नातवंडांना ती वाचण्यास कोणत्याही यंत्राची गरज पडणार नाही.

येथे एक पथ्य सांगणे अवश्य आहे. साताऱ्याजवळील कास पठारावर जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर आहे आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याच थरावर इवलीशी फुले फुलतात. चित्रासाठी त्यांत जाऊन बसणारा मनुष्य जे टिपावयास आला तेच तुडवीत असतो. कातळावर नावे कोरणे, शेवाळ खरवडणे, आकारासाठी दगड हलविणे हेही त्यातलेच. आपल्या मागून येणाऱ्यास ती जागा आपल्याला दिसली तशीच दिसली पाहिजे.

या सर्वासाठी रणात किंवा हिमालयातच जावयास हवे असे नाही. घरापासून चालत जाता येईल असा एखादा कातळ, ओढ्याचे वळण किंवा जुना वड निवडा. जवळचा एक दगड आणि दूरचे एक शिखर वा झाड एका रेषेत येतील अशा जागी उभे राहा, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा अचूक सापडेल. उन्हाळ्यात, भर पावसाळ्यात, पावसानंतर आणि थंडीत, अशी वर्षाकाठी चार चित्रे तेथून घ्या. मुलांपैकी एकाने चित्र घ्यावे, दुसऱ्याने वहीत नोंद करावी. पाच वर्षांत वीस चित्रे होतील. ती ओळीने मांडून पाहाल, तेव्हा आपल्या गावाची माती, पाणी आणि झाडे यांच्याविषयी घरात जे बोलणे निघेल, ते आम्हांस अवश्य कळवा.