वेष्टनावरचा देव

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाचे आवार झाडणाऱ्या बाईच्या टोपलीत आमच्या वाचकांनी एकदा डोकावून पाहावे. उदबत्तीची रिकामी खोकी, कापराच्या पुड्या, फटाक्यांची फाटकी वेष्टने, फरसाणाच्या तेलकट पिशव्या. आणि त्यांवर गणपती, व्यंकटेश, अन्नपूर्णा! यंदा आम्ही पाहिलेल्या टोपलीत सर्वांत वर कमलासना लक्ष्मी होती व तिच्या मुखावर कोणाच्या तरी चपलेची नक्षी उमटली होती. त्या बाईने ते खोके क्षणभर कपाळाला लावले आणि मग टोपलीत टाकले. तिने दुसरे काय करावे? हा प्रश्न तिला नव्हे, खोके छापून घेणाऱ्याला विचारावयाचा आहे.

आम्ही तो विचारला. आमच्या परिचयाचे एक उदबत्तीचे कारखानदार आहेत. गृहस्थ श्रद्धाळू, देवस्थानाच्या प्रत्येक उत्सवास सढळ हाताने देणारे. ते म्हणाले, "अहो, देवीच्या कृपेने धंदा उभा आहे. तिचे चित्र नको, तर मग कोणाचे छापू?" या उत्तरात लबाडी नाही, म्हणूनच त्याचा परामर्श घेतला पाहिजे.

आपले जुने व्यापारी काही कमी देवभक्त नव्हते. त्यांनी 'श्री' लिहिला तो चोपडीच्या माथ्यावर, 'शुभ-लाभ' लिहिले ते पेढीच्या भिंतीवर. चोपडी कपाटात राही आणि दिवाळीस तिची पूजा होई. दुकानाच्या पाटीवर कुलदेवतेचे नाव असते त्यालाही आमची हरकत नाही. पाटी उंच असते, तिला सकाळी धूप दाखवला जातो. वेष्टनाची गोष्ट निराळी. ते फाडण्यासाठीच जन्मास येते. ज्या वस्तूचा शेवट उकिरड्यावर ठरलेला आहे तिच्यावर देवास बसविणे ही भक्ती कशी?

ही चाल सनातन आहे असेही कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानात पाठविलेल्या कापडाच्या ताग्यांवर आपल्या देवदेवतांची रंगीत लेबले चिकटविली, ती भक्तीने नव्हे. गिऱ्हाइकाने माल ओळखावा म्हणून. पुढे १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. त्याची लक्ष्मी-सरस्वती घरोघर देवघरात गेली, तशी काड्यापेट्यांवर आणि दिनदर्शिकांवरही गेली. म्हणजे आमचे शेठजी जिला कुलपरंपरा समजतात ती बऱ्याच अंशी परक्या गिरणीवाल्यांची विक्रीची युक्ती आहे!

बरे, धर्म क्षणभर बाजूला ठेवू. व्यापाराच्या दृष्टीने तरी ही निवड शहाणपणाची आहे काय? व्यापारचिन्हाचे काम एकच: हा माल अमक्याचा, दुसऱ्या कोणाचा नव्हे, हे सांगणे. लक्ष्मी सर्वांची, मग तिच्या चित्रावरून तुमचा माल ओळखावा कसा? न्यायालयांनीही हेच वारंवार सांगितले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली दुग्धपदार्थांच्या एका तंट्यात 'कृष्ण' या नावावर एकट्याची मक्तेदारी मानण्याचे नाकारले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एका व्यापाऱ्याचे होऊ शकत नाही असा निकाल दिला. शिवाय १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, कोणत्याही समाजाच्या धर्मभावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदविता येत नाही. शेजारच्या गल्लीतील कोणी उद्या तीच लक्ष्मी, तेच कमळ छापले, तर शेठजींनी कोणत्या तोंडाने त्याला अडवावे?

याउलट म्हैसूरच्या एन. रंगा राव यांचे उदाहरण पाहा. १९४८ साली त्यांनी उदबत्तीचा धंदा सुरू केला. माल देवापुढे लावण्याचा. तरी त्यांनी चिन्ह घेतले सायकलीचे! सायकल तमिळास कळते, मराठ्यास कळते, निरक्षरासही कळते. भाषांतर लागत नाही. आणि त्या खोक्यावर चुकून पाय पडला तरी कोणास चुटपुट लागत नाही. आयुर्विमा महामंडळाचे चिन्हही असेच विचाराचे: दोन हातांच्या ओंजळीने जपलेली ज्योत. खाली गीतेच्या नवव्या अध्यायातील शब्द आहेत खरे. परंतु विम्याचा कागद माणूस तिजोरीत जपतो, रस्त्यावर टाकीत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापिलेल्या बँक ऑफ बडोदाने २००५ साली उगवता सूर्य घेतला, तोही दोन अक्षरांच्या आकारांतून निघणाऱ्या किरणांचा. रथ-घोड्यांसह सूर्यनारायण नव्हे. वडोद्याच्या वाचकांस तो रोज दिसतच असेल.

चित्र नको असेल तर अक्षर आहे. परंतु येथे दुसरे खूळ आडवे येते. शेठजींचे चिरंजीव संगणकावर चिन्ह करून घेऊन आले: रोमन लिपीतील दोन बारीक अक्षरे, भोवती वर्तुळ. ते औषधाच्या दुकानास शोभले असते, छत्र्यांच्या कारखान्यासही शोभले असते. आपली लिपी काय वाईट आहे? २०१० साली रुपयाचे चिन्ह ठरले तेव्हा उदयकुमार यांनी देवनागरी 'र'च घेतला, वर शिरोरेषा ठेवली, आणि आज ते चिन्ह प्रत्येक दुकानाच्या दरफलकावर आहे. जाड वळणाचे एक देवनागरी अक्षर लहान पुडीवरही वाचता येते. शेठजींच्या लक्ष्मीचे मात्र त्या आकारात नाकडोळेही नीट उमटत नाहीत, हे त्यांनी स्वतःच कबूल केले.

देवस्थान समित्यांनाही येथे हात झटकता येणार नाहीत. फेरीतील दुकानांच्या जागा त्याच देतात. देवाचे चित्र असलेली वेष्टने आवारात विकू नयेत अशी एक अट घालण्यास कितीसा खर्च येतो? निदान देवस्थानाने स्वतःच्या प्रसादाच्या पिशवीवर तरी मूर्ती छापू नये. दीपमाळ छापावी, देवळाचा कळस छापावा.

शेवटी शेठजींनी विचारले, "मग मी घेऊ तरी काय?" त्यांचा कारखाना नदीकाठी आहे. समोरून एक होडी चालली होती. आम्ही तिच्याकडे बोट दाखविले.

"होडीचा आणि उदबत्तीचा संबंध काय?"

"सायकलीचा तरी काय होता?"

ते हसले. म्हणाले, "पाहू. पण छापलेली खोकी गोदामात भरून पडली आहेत. ती संपेपर्यंत लक्ष्मीच."