ग्रंथालयाचे आमंत्रण

२७ फेब्रुवारी १९१२ हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्यासाठी ग्रंथालयाचे भित्तिपत्रक रंगविणाऱ्या तरुणांस एक सूचना.

फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापावे लागले. देवनागरी खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते. आज ते अक्षर आपल्या कुंचल्यात आहे. त्यालाच अलंकार होऊ द्यावे. चित्र एकच असावे. फिकट भूमीवर गडद, ठळक अक्षरे काढावीत. दोन ओळींत मोकळी जागा ठेवावी, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत गुंततो. दिवस व वेळ सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहावी. ग्रंथालयाची पायरी चढण्यास बिचकणाऱ्या वृद्धेला ती रस्त्यावरूनच वाचता आली, तरच ते आमंत्रण तिचेही होय.