कलबुर्गीत पिशव्या मोजल्या, बायकांची तब्येत कोण मोजणार?

चिंचोली, आळंद, चितापूरच्या तांड्यांवर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढली’ एवढेच म्हणतात. दाढ काढली म्हणावे, इतक्या सहज. २०१५ साली कलबुर्गी जिल्ह्यात हा विषय पेटला. पोटात दुखते, कंबर धरते, अंगावरून पांढरे जाते अशा तक्रारी घेऊन खासगी दवाखान्यांत गेलेल्या लंबाणी आणि दलित बायका पिशवी काढूनच घरी परतत होत्या. आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून हे उघड केले आणि मग आरोग्य खात्याची चौकशी लागली. चार दवाखान्यांचा हिशेब निघाला आणि २,२५८ शस्त्रक्रियांचा आकडा देशभर गाजला. त्यातल्या जवळपास निम्म्या बायका चाळिशीच्या आतल्या होत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या दवाखान्यांचे परवाने रद्द झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये भरपाई आणि कारवाईसाठी बायका कलबुर्गीत रस्त्यावर उतरल्या.

चौकशी कशाची झाली? शस्त्रक्रिया किती, कुणी केल्या, गरज होती का, कागद नीट होते का. हे प्रश्न आवश्यकच होते. पण ते दवाखान्याबद्दलचे प्रश्न आहेत. बाईबद्दलचा प्रश्न वेगळा आहे. ऑपरेशननंतर पाच वर्षांनी, दहा वर्षांनी ती कशी आहे? झोप लागते का, हाडे दुखतात का, बीपी किती, कामाला जाते का, घरात तिला कसे वागवतात? याला कोर्टातला पुरावा म्हणून फारसे मोल नसेल, पण वैद्यकशास्त्रात एखादी शस्त्रक्रिया चांगली की वाईट हे ठरते ते याच उत्तरांवरून.

आणि अशी उत्तरे जगात शोधली गेली आहेत, हे इथे कुणी सांगत नाही.

फिनलंडमधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांनी नव्वदच्या दशकात एक अभ्यास केला. पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या, ३५ ते ४९ वयाच्या २३६ बायका घेतल्या आणि चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची पिशवी काढली. दुसऱ्या गटाला हार्मोनची तांबी बसवली. ही तांबी म्हणजे कॉपर-टीसारखीच वस्तू, पण तिच्यातून रोज थोडे औषध गर्भाशयात झिरपते आणि रक्तस्राव कमी होतो. मग पाच वर्षे दोन्ही गटांचा पाठपुरावा झाला. निष्कर्ष असा की जगण्याचा दर्जा दोन्ही गटांत सारखाच सुधारला आणि तांबीच्या गटाचा खर्च बराच कमी आला.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. तांबीच्या गटातल्या ४२ टक्के बायकांनी पाच वर्षांत शेवटी पिशवी काढून घेतलीच. म्हणजे पिशवीचे ऑपरेशन सरसकट वाईट, असे हा अभ्यास म्हणत नाही. मोठ्या गाठी असतील, कर्करोग असेल, औषधाला दाद न देणारा रक्तस्राव असेल, तर हे ऑपरेशन बाईचा जीव वाचवते, निदान तिचे हाल तरी थांबवते. पण उरलेल्या ५८ टक्क्यांना पाच वर्षांत त्याची गरज पडली नाही, हेही तितकेच खरे. पहिल्याच भेटीत ‘काढून टाका’ म्हटले असते, तर त्या ५८ टक्के बायकांचीही पिशवी गेली असती.

ब्रिटनमध्ये २०१३ साली असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ५७१ बायकांचा. त्यात तुलना होती हार्मोनची तांबी आणि नेहमीच्या गोळ्या यांची. दोन्हींनी आराम पडला, तांबीने जास्त. पण आपल्याकडच्या वाचकाने त्यात पाहायला हवे ते मोजमापाचे साधन. रक्त किती गेले हे न मोजता त्यांनी बाईला विचारले की या त्रासाचा तुझ्या रोजच्या अडचणींवर, लोकांत मिसळण्यावर, मनावर, शरीरावर, कामावर आणि घरच्यांशी असलेल्या नात्यावर काय परिणाम होतो. सहा बाबी, प्रत्येकीला गुण. पुढे ती बरी झाली की नाही, हेही त्याच प्रश्नांवरून ठरवले.

आता हीच प्रश्नावली ऊसतोड करणाऱ्या बाईपुढे ठेवून पाहावी. ‘काम’ म्हणजे दिवसभर वाकून कोयता चालवायचा आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचे. ‘रोजची अडचण’ म्हणजे फडात ना संडास ना पाणी, पाळीचे कापड बदलायला आडोसा नाही. एक दिवस काम बुडाले तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरी जाते ती जातेच, वर उचलीतून दंडही कापला जातो. तिच्या दृष्टीने पाळी हा आजार नसतो, तो दर महिन्याचा तोटा असतो. म्हणून कित्येक बायका स्वतःच म्हणतात, ‘लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?’ डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती, नवऱ्याची घाई आणि हा हिशेब, तिन्ही एकत्र आले की ऑपरेशनचा निर्णय अर्ध्या तासात होतो.

बीड जिल्ह्यात २०१९ साली जे बाहेर आले ते याच साच्यातले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरातल्या जवळपास सतरा जणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास येते. दोन्हींचे वयोगट नेमके जुळत नाहीत, त्यामुळे तुलना जपून करावी, पण एवढी दरी वयाने भरून निघत नाही. बिदरला खेटून असलेल्या तेलंगणात तर २०१५-१६ च्याच सर्वेक्षणात ७.७ टक्के होते, आंध्रात ८.९. म्हणजे हा काही एकट्या कलबुर्गीचा रोग नाही. दख्खनच्या या कोरडवाहू पट्ट्यात तो राज्यांच्या हद्दी ओलांडून पसरला आहे.

ऑपरेशनचा हिशेबही नीट मांडायला हवा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत तातडीचा प्रसंग सोडला तर सरकारी दवाखान्याच्या रेफरलशिवाय खासगीत मोफत उपचार मिळत नाहीत. तरीही बाई खासगीतच जाते, कारण सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ कधी भेटतील याचा भरवसा नसतो. म्हणजे रोख पैसे मोजायचे. ते येतात मुकादमाच्या उचलीतून नाहीतर सावकाराकडून. पोटावर टाके घालून केलेल्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलू नये असे डॉक्टर सांगतात, पण कर्ज सहा आठवडे थांबत नाही. ज्या त्रासातून सुटण्यासाठी कर्ज काढले, त्याच कर्जापायी बाई टाके ओले असताना फडात उतरते. नफा-तोट्याच्या पत्रकात हा रकाना कुठेच नसतो.

बीजांडकोशाचा प्रश्न

त्याहून गंभीर बाब वेगळीच आहे, आणि तांड्यावरच्या कितीतरी बायकांना ती माहीतही नसते. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले का? पिशवी काढली की पाळी थांबते, पण शरीराला इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः पुरवतात ते दोन्ही बाजूंचे बीजांडकोश. तेही काढले तर तिशीतल्या बाईला एका रात्रीत पन्नाशीचे शरीर मिळते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड वाढते, हाडे ठिसूळ होऊ लागतात.

अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास दशकानुदशके चालू आहे. पिशवी काढलेल्या २९,३८० परिचारिकांची त्यातली २४ वर्षांची माहिती २००९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचे बीजांडकोशही काढले होते, त्यांना स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग कमी झाला, हे खरे. पण हृदयविकार आणि एकूण मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात जास्त निघाले. पन्नाशीच्या आत काढलेले आणि नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांना धोका अधिक. तांड्यावरची बाई नेमकी या शेवटच्या वर्गात बसते. तिशीत ऑपरेशन, आणि नंतर हार्मोनची गोळी असते हेच ठाऊक नाही.

बीजांडकोश ठेवले म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये पाच वर्षे चाललेल्या अभ्यासात बीजांडकोश राखून पिशवी काढलेल्या बायकांचीही रजोनिवृत्ती इतरांपेक्षा सरासरी ३.७ वर्षे आधी आली.

आपल्या देशातही माहिती नाही असे नाही. ४५ वर्षांवरील लोकांच्या राष्ट्रीय पाहणीतल्या (२०१७-१८) आकड्यांवरून संशोधकांनी दाखवले आहे की पिशवी काढलेल्या बायकांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हाडा-सांध्यांचे आजार जास्त आढळतात. अर्थात अशा पाहणीतून ऑपरेशनमुळेच हे झाले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. जी बाई वारंवार दवाखान्यात जाते तिचे आजारही जास्त नोंदले जातात. नेमके कारण शोधायचे तर त्याच त्या बायकांकडे वर्षानुवर्षे परत परत जावे लागते. परिचारिकांच्या बाबतीत ते जमले, कारण त्यांचा पत्ता होता आणि पाठवलेली प्रश्नावली त्या भरून देत होत्या.

सीमाभागातल्या बाईचा पत्ताच पक्का नाही. तांडा चिंचोलीत, ऑपरेशन कलबुर्गी किंवा सोलापुरात, सहा महिने मुक्काम कोल्हापूर-सांगलीच्या फडात, माहेर उमरग्याकडे. घरात बोली गोरमाटी, बाजारात मराठी, संमतीपत्र कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. त्या कार्डावर बीजांडकोशांबद्दल काही लिहिले असले तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही. कार्ड पत्र्याच्या पेटीत राहिले असेल तर नशीब.

सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल दिला. याचिका २०१३ सालची, बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल. केंद्राने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आणि चाळिशीच्या आतल्या शस्त्रक्रियांची कारणांसह नोंद, हा त्याचा गाभा. बीडमध्ये तर त्याआधीच खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले होते. पुढच्या ऑपरेशनांना आळा घालायला हे उपयोगी आहे. पण समिती जिल्ह्याची असते आणि बाई जिल्ह्यात राहत नाही. बीडमध्ये परवानगी लागते म्हटल्यावर शेजारच्या जिल्ह्यात, शेजारच्या राज्यात जायला एसटीचे एक तिकीट पुरते. तिथे झालेली नोंद इकडच्या समितीकडे पाठवण्याची सोय केल्याशिवाय तिची गिनती पुरी होणार नाही.

त्याच २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचे जाहीर केले. कर्नाटकात लगेच आरडाओरडा झाला, महाराष्ट्रात पाठ थोपटून घेतली गेली. दोन्हीकडचे पुढारी गावे मोजण्यात पटाईत. योजनेत आलेल्या बाईवर कोणती शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभराने ती कशी आहे, हे दोन्ही राज्यांनी एकमेकांना कळवावे, असे त्या गदारोळात सुचवले असते तर सीमाभागातल्या बायकांचे काही भले झाले असते.

२०१३-१४ मध्ये तिशीत असताना ज्यांची पिशवी गेली, त्या आज चाळिशी ओलांडून गेल्या आहेत. बीपी, शुगर, हाडे, हृदय यांचे खरे दुखणे सुरू होते ते याच वयात. म्हणजे पाहणीची हीच वेळ आहे. त्यासाठी फिनलंडची विद्यापीठे आणायला नकोत. कलबुर्गीत जिम्स आहे, ईएसआयसीचे मेडिकल कॉलेज आहे, बिदरला ब्रिम्स आहे. सोलापूर आणि लातूरची सरकारी वैद्यकीय महाविद्यालये दोन-तीन तासांच्या अंतरावर. तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी-शुगर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आधीपासूनच चालू आहे आणि आशाताई त्यासाठी घरोघरी जातातच. त्याच भेटीत आणखी तीन प्रश्न विचारायचे: पिशवी काढली का, कोणत्या वर्षी, कार्ड आहे का. कार्डावरून बीजांडकोशांचा पत्ता लागतो, नाहीतर सोनोग्राफीने लागतो. ज्यांचे काढलेले निघतील त्यांना हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हार्मोन मिळाले, तर पाहणी आणि उपचार एकाच फेरीत होतील.

फक्त हे काम दिवाळीच्या आत उरकावे लागेल. त्यानंतर मुकादमाचे ट्रक लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तांड्यावर म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे एवढीच भेटतात.