या रविवारी महिन्याभराच्या पिण्याचा हिशेब मांडा

आहारसल्ल्यासाठी येणारी माणसं जेवणाचा हिशेब बऱ्यापैकी नीट सांगतात. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री भात बंद. पण दिवसभरात काय काय प्यायलात असं विचारलं की उत्तर येतं, "चहा फक्त. बाकी काही नाही." त्या एका शब्दात घरचे दोन कप असतात, दुकानावरचे कटिंग असतात, कोणी आलं म्हणून घेतलेला अर्धा असतो. रविवारी मटणावर घेतलेलं कोल्ड्रिंक तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. खोटं कोणीच बोलत नसतं. प्यायलेलं मोजायची आपल्याला सवयच नाही, एवढंच.

म्हणून प्रत्येक प्रौढ वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे. या रविवारी वहीचं एक पान फाडा आणि गेल्या महिन्याभरात तुम्ही काय काय प्यायलात ते लिहून काढा. कुठली तपासणी नको, पैसे नकोत, पंधरा मिनिटं पुरतात.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या आहारशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये प्रौढांसाठी पेयांची एक प्रश्नावली तयार केली आणि 2012 मध्ये ती आटोपशीर करून 15 ओळींवर आणली. प्रत्येक पेयापुढे दोनच गोष्टी विचारायच्या : गेल्या महिन्यात किती वेळा घेतलं, आणि एका वेळी साधारण किती. भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. लोकांनी ठेवलेल्या खाण्यापिण्याच्या नोंदींशी ही उत्तरं ताडून पाहिली, तेव्हा इतक्या छोट्या कागदावरूनही माणसाच्या सवयीचा चांगला अंदाज येतो असं दिसलं. मात्र तो कागद आहे तसा आपल्या उपयोगाचा नाही. त्यात रसवंतीतला रस नाही, ताक-सोलकढी नाही, पन्हं नाही. शिवाय तिथे आपल्या कपात साखर किती हे बहुतेक वेळा पिणारा ठरवतो. आपल्याकडे साखर पातेल्यातच उकळते आणि ती किती घालायची हे चहा करणाऱ्याच्या हातात असतं. तेव्हा आपला कागद आपणच आखायचा.

पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात पेयाचं नाव, दुसऱ्यात दिवसातून किंवा आठवड्यातून किती वेळा, तिसऱ्यात एका वेळी किती. साधं पाणी सगळ्यात वर लिहा. मग घरचा चहा आणि बाहेरचा चहा, दोन वेगळ्या ओळींत, कारण दोन्हींतली साखर वेगळी असते. मग कॉफी, दूध आणि दुधात ढवळायच्या पावडरी, ताक-मठ्ठा, लिंबू सरबत, कोकम, पन्हं, उसाचा रस, शहाळं, फळांचे रस (ताजे आणि डब्यातलेही), लस्सी, कोल्ड्रिंक, एनर्जी ड्रिंक, बिनसाखरेचं म्हणून मिळणारं पेय, आणि शेवटी दारू. जे घेत नाही तिथे शून्य लिहा, ओळ गाळू नका. ओळ गाळली की ते पेय आठवायचंही राहून जातं.

माप अंदाजाने लिहू नका. तुमचा रोजचा पेला घ्या आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतून पाहा, किती पेले भरतात ते. कपाचंही तसंच. साखरेचा चमचा तर जरूर तपासा. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात साधारण 4 ते 5 ग्रॅम साखर मावते, पण घरोघरी डब्यात हात घातल्यावर निघतो तो शिगोशीग चमचा, आणि त्यात 6-7 ग्रॅम सहज येते. टपरीवरच्या कटिंगला 8 ते 10 ग्रॅम धरून चाला. 250 मिलिलिटर कोलात 26 ग्रॅमच्या आसपास साखर असते, तेवढ्याच उसाच्या रसात 30च्या पुढे. बाटलीबंद पेय असेल तर 100 मिलिलिटरमागे साखर किती हे लेबलवर छापलेलं असतं, त्यावरून बाटलीचा हिशेब करा. आठवड्यातून एकदाच घेत असाल तर आकड्याला सातने भागा, म्हणजे रोजचा वाटा निघेल.

आता साखरेची बेरीज करा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे की वरून घातलेली, मधातली आणि रसातली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरं. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ 50 ग्रॅम आणि 25 ग्रॅम. ही मर्यादा बिस्किटं, शिरा, जिलबी, सॉस असं सगळं धरून आहे. त्यामुळे नुसत्या पिण्यातच 25 ग्रॅम भरले तर सावध व्हा. 50 भरले तर याच आठवड्यात बदलाला लागा.

कापडाच्या दुकानात बसणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पन्नाशी, रक्तातली साखर सीमारेषेवर. "गोड दोन वर्षांपासून बंद आहे" असं ते अगदी खात्रीने सांगत होते, आणि ते खरंही होतं, लग्नातही ते गोडाला हात लावत नसत. कागद भरायला बसलो. घरचे दोन कप, प्रत्येकात दोन शिगेचे चमचे, म्हणजे 24 ग्रॅम. दुकानात गिऱ्हाइकाबरोबर चार कटिंग, कमीत कमी 32. बेरीज 56. पाण्याच्या ओळीत दिवसाचे चार पेले. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मी त्यांना चहा सोडायला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला चहा पाजणं हा त्यांच्या धंद्याचा भाग आहे, ते सुटणार नाही हे मलाही कळतं. दुकानात येणारा चहा बिनसाखरेचा मागवायचा आणि साखर वेगळी ठेवायची, एवढंच ठरलं.

घरातही हेच करा असं मी आग्रहाने सांगते. चहा बिनसाखरेचा उकळा, ज्याने त्याने आपल्या कपात साखर घ्यावी. पातेल्यात साखर पडली की मधुमेह असलेल्या आजोबांपासून कॉलेजातल्या मुलीपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला एकच माप येतं. दोन चमच्यांवरून एकदम शून्यावर येऊ नका, चार दिवसांत कंटाळून परत फिराल. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. जिभेला सवय होते, आणि दोन महिन्यांनी जुना चहा नकोसा गोड लागतो. गुळाचा चहा घेता म्हणून निर्धास्त राहू नका. गुळातही मुख्यतः साखरच असते, बेरजेत ती तशीच धरा.

घरचा आकडा खरा आला की नाही हे ताडायला किराणा यादी आहेच. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज 40 ग्रॅमच्या थोडं वर पडते. यात बाहेरचा चहा, बेकरीचा माल, कोल्ड्रिंक काहीच आलेलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत असा अंदाज मांडला होता. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरता येतं, म्हणून ही सगळी खटपट.

चहाच्या ओळीपुढे आणखी एक गोष्ट लिहा : वेळ. आपल्याकडे सकाळचा नाश्ता म्हणजे कितीतरी घरांत चहा-पोळी. बायका तर घरातली कामं उरकता उरकता उभ्या उभ्याच तेवढं खातात. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचं कारण एकटा चहा नाही. पण मेथीची भाजी आणि लोहाच्या गोळ्या घेऊन त्यावर लगेच चहा पिणं हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शक सूचना जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगतात. नाश्ता आणि चहा वेगळे करा, आणि जेवताना लिंबू पिळा.

पाण्याची ओळ मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. साधारण माणसाने दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी प्यावं, उन्हात राबणाऱ्याने त्याहून बरंच जास्त. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर तेच माप पाळा.) पण बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या, ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या, बंदोबस्तावरच्या महिला पोलिसाच्या कागदावर ही ओळ जवळजवळ रिकामी असते, आणि ती वाईट सवयीमुळे नसते. लघवीला जायला जागा नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि दवाखान्यात "पाणी भरपूर प्या" असं सांगून त्यांना परत पाठवलं जातं. दुकानदारांनो, कारखानदारांनो, मुकादमांनो, सरपंचांनो, तुमच्याकडे काम करणाऱ्या किंवा तुमच्या बाजारात बसणाऱ्या बायकांना एकदा ही ओळ भरायला सांगा. स्वच्छ, कडीचं स्वच्छतागृह दिल्याशिवाय ती ओळ भरणार नाही.

पौष्टिक म्हणून विकत घेतलेल्या पेयांचीही झडती घ्या. दुधातल्या कितीतरी पावडरींत साखरेचं प्रमाण मोठं असतं. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही, आणि एप्रिल 2024 मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली ठेवू नका असं बजावलं. जुलाब झाले की मेडिकलमधून गोड टेट्रापॅक आणू नका. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं आणि क्षार मोजून घातलेले असतात. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच घ्या. वीस रुपयांचं एनर्जी ड्रिंक आता खेड्यातल्या टपरीवरही पोचलंय. त्यात साखरेबरोबर कॅफिन असतं, आणि मुलांनी व गरोदर बायांनी घेऊ नये असं बाटलीवरच लिहिलेलं असतं, फार बारीक अक्षरांत.

शेवटची ओळ दारूची. ती लिहिताना घरच्यांसमोर संकोच वाटत असेल तर वेगळ्या कागदावर लिहा, पण खरं लिहा. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 10 प्रश्नांची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली आहे. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण असतात आणि बेरीज 8 किंवा त्याहून जास्त झाली तर पिणं धोक्याच्या हद्दीत गेलं असं धरतात. कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात ती भरून मिळेल. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाच्या हिय्याने एका दिवसात दारू तोडू नये, हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम करतंय, आणि 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायला पैसे लागत नाहीत.

भरलेला कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवा आणि महिन्याने दुसरा भरा. डॉक्टरकडे जाल तेव्हा तपासणीच्या रिपोर्टबरोबर तो दाखवा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर कमी करताना डॉक्टरांना तसं सांगा, म्हणजे औषधाचं माप जुळवता येईल. घरात वाचता-लिहिता न येणारं माणूस असेल तर त्याला विचारून विचारून भरून द्या. बचत गटाच्या बैठकीत दहा जणींनी मिळून भरला तर उत्तम, कारण एकीला रसवंती आठवली की बाकीच्यांनाही आठवते.