पाणपोईला कुलूप

सर्वांसाठी घातलेल्या पाणपोईचे पाणी कुणी घरोघर पोहोचवू लागला आणि त्याची मजुरी घेऊ लागला, तर तो चोर ठरतो काय? ‘रेडिस’ या डेटाबेसवरून जो वाद माजला त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आणि तो केवळ संगणकतज्ज्ञांचा म्हणून सुशिक्षितांनी स्वस्थ बसावे, अशी परिस्थिती आता उरलेली नाही.

माहिती साठवून ती क्षणार्धात हाती देणारा हा प्रोग्राम साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन गृहस्थाने २००९ साली सर्वांना मोकळा करून दिला. कुणीही वापरावा, बदलावा, हवा तर विकावा. मूळ हक्काची नोंद कायम राहिली की झाले. मार्च २०२४ मध्ये मात्र त्याची मालकी असलेल्या कंपनीने पुढील आवृत्त्यांच्या अटी फिरविल्या. रेडिस भाड्याने चालवून देण्याचा धंदा करावयाचा, तर आमच्याशी करार करा, नाहीतर तुमच्या सेवेची सारी यंत्रणा जगापुढे उघडी करा, असे तिने बजावले. रोख अर्थातच ॲमेझॉनसारख्या क्लाउड कंपन्यांवर होता.

ह्या कंपन्या विकतात ती सेवा. डेटाबेस बसविणे हे एका दुपारचे काम. तो अहोरात्र चालता ठेवणे हे खरे कष्टाचे. रोजच्या प्रती काढून ठेवावयाच्या, सुरक्षेतील भगदाडे बुजवावयाची, मध्यरात्री एक यंत्र बंद पडले की दुसरे तत्काळ पुढे आणावयाचे! एखाद्या सहकारी बँकेने वा रुग्णालयाने त्यासाठी चार तज्ज्ञ पदरी बाळगण्याऐवजी तासाच्या हिशेबाने भाडे भरले, तर त्यात शहाणपणच आहे. ॲमेझॉनने २००९ सालीच ‘मायएसक्यूएल’ असे चालवून देण्यास प्रारंभ केला. परवान्याने दिलेली मुभा वापरणाऱ्यास लुटारू म्हणणे आम्हांस मान्य नाही.

घडविणारा एक आणि नफा दुसऱ्याचा, ही तक्रार सर्वस्वी पोकळ आहे असे नव्हे. परंतु रेडिसपुरते वास्तव निराळे होते. २०२० पासून त्याची जोपासना करणाऱ्या मंडळात ॲमेझॉन व अलीबाबा यांच्या नोकरीतील माणसेही होती. शिवाय मूळ रेडिसचा परवाना कायम मोकळाच राहील, अशी ग्वाही कंपनीने २०१८ साली स्वतःच दिली होती. त्या विश्वासावर अनेकांनी मोबदल्याविना आपले काम त्यात ओतले. भाडेकऱ्याला धडा शिकविताना ह्या माणसांना दिलेला शब्द मोडला गेला. आमचा आक्षेप आहे तो येथे.

परिणामही फार दूर नव्हता. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘वाल्की’ ही रेडिसची मोकळी शाखा उभी राहिली, आणि तिच्या पाठीराख्यांत ॲमेझॉन, गूगल व ओरॅकल होत्या. जिला वठणीवर आणावयाचे, तीच स्वातंत्र्याची कैवारी म्हणून मिरवू लागली! ‘इलॅस्टिकसर्च’च्या बाबतीत २०२१ साली हेच घडले होते. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये व रेडिसने मे २०२५ मध्ये पुन्हा मोकळ्या परवान्याचा पर्याय दिला. ॲमेझॉनच्या ह्या अवताराने मात्र कुणी भुलू नये. डेटाबेस मोकळा असला तरी तो चालविणारी तिची यंत्रणा बंदच असते, आणि तिच्या सोयींची सवय जडली की बाहेर पडणे जड जाते.

बर्कलेच्या विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या कामातून निपजलेला ‘पोस्टग्रेस’ आमच्या मते अधिक भरवशाचा आहे. कित्येक कंपन्या तो भाड्याने देतात आणि त्यावर काम करणारी माणसेही पोसतात. पण त्याचा मालक कोणी एक नाही, त्यामुळे कुलूप घालण्याचा अधिकारही कोणा एकाच्या हाती नाही.

देयकव्यवहारांची माहिती भारतातच साठविली पाहिजे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला. माहिती कोठे ठेवली हे त्यामुळे विचारले जाऊ लागले. ती ज्या पेटीत ठेवली त्या पेटीचा मालक उद्या अटी बदलू शकतो काय, हे विचारणेही तितकेच अगत्याचे आहे. सरकारी खात्यांनी आणि बँकांनी निविदांतच तीन गोष्टींची उत्तरे मागावीत: परवाना बदलण्याची सत्ता एकाच कंपनीकडे आहे काय, तोच डेटाबेस साऱ्या माहितीसह दुसरीकडे हलविता येतो काय, आणि विक्रेता त्याच्या जोपासनेसाठी किती माणसांना पगार देतो.