केअर फार्म : भीती कशाची आणि काळजी कशाची?

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलवर महाप्रसादाच्या रांगेत उभी असताना एका परिचित ताईंनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "तुमचा मुलगा शेतावर जातो म्हणे? भीती नाही वाटत तुम्हाला?" त्यांच्या घरी बौद्धिक अपंगत्व असलेले चाळिशीतले दीर आहेत, हे पंधरा वर्षांच्या ओळखीत मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. प्रश्नाचे उत्तर रांगेत उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. शिवाय असे दीर, भाऊ, मुलगी किंवा विसरभोळे झालेले सासरे आपल्यातल्या आणखी काही घरांत असणार, म्हणून हा लेख.

केअर फार्म म्हणजे खरीखुरी शेतीच. फक्त तिथले काम येणाऱ्या माणसांच्या तब्येतीच्या आणि दिनक्रमाच्या दृष्टीने आखलेले असते. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, स्मृतिभ्रंश किंवा जुना मानसिक आजार असलेली प्रौढ माणसे आठवड्यातून एक-दोन दिवस तिथे जातात, कोंबड्यांना दाणे घालतात, शेळ्यांचा गोठा झाडतात, वाफ्यांत बटाटे लावतात. नेदरलँड्समध्ये अशी हजाराहून अधिक शेते आहेत. आपल्या इकडे ब्रिटनमध्येही ती शेकड्यांनी आहेत.

आमचा मुलगा आता ३२ वर्षांचा आहे. कॉलेज संपल्यावर तो चार वर्षे घरी होता. सकाळी टीव्ही लागायचा तो रात्री बंद व्हायचा. वजन वाढले, बोलणे कमी झाले, रात्रीची झोप गेली. आम्ही मात्र म्हणत होतो, "डोळ्यांसमोर आहे, सुरक्षित आहे." आज वाटते, त्या सुरक्षिततेची किंमत तोच मोजत होता. शेवटी सोशल वर्करच्या सांगण्यावरून एका शेतावर त्याचे नाव घातले.

तिथे भरून द्यायचा फॉर्म एका पानाचा होता. त्यात "इतर आजार" अशी एक ओळ होती. ती मी रिकामी सोडली.

मुलाला लहानपणापासून फिट येतात. त्या वेळी अडीच वर्षांत एकही आली नव्हती. लिहिले तर घेणार नाहीत, ही एक भीती. दुसरे कारण सांगायला जड जाते. धाकट्या मुलीचे लग्न ठरेपर्यंत याच्या फिटबद्दल बाहेर बोलायचे नाही, असे आम्ही घरात ठरवले होते. तिच्या लग्नाला चार वर्षे होऊन गेली तरी आमची ती सवय गेली नव्हती.

जूनमधल्या एका गरम दुपारी पॉलिटनेलमध्ये टोमॅटोची रोपे बांधताना त्याला फिट आली. शेजारच्या मदतनिसाला वाटले, उन्हाने चक्कर आली. तो त्याच्या तोंडात पाणी घालणार, तेवढ्यात दुसऱ्या एका अनुभवी बाईंनी त्याला थांबवले, मुलाला कुशीवर वळवले आणि घड्याळ लावले. तीन मिनिटांत फिट थांबली. संध्याकाळी शेताच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून त्याला तळ्यावरच्या बदकांचे काम द्यायचे ठरले होते." माझे हातपाय गार पडले.

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की शेतावरचा सर्वांत मोठा धोका बैल किंवा ट्रॅक्टर नाही, तर घरच्यांनी लपवलेली आणि शेतवाल्यांनी न विचारलेली गोष्ट आहे. चूक माझी होती. पण एका पानाच्या फॉर्मवर विसंबून राहणारे शेतही पूर्णपणे निर्दोष नव्हते. आता तिथे पहिल्या भेटीत तासभर बसून एकेक गोष्ट विचारतात.

त्या रात्री आमच्याकडे पुढचा प्रश्न आला. हे म्हणाले, "पुरे झाले ते शेत. आता घरीच बरा." मीही गप्प होते. पण गुरुवारी सकाळी मुलगा वेलिंग्टन बूट घालून दारात उभा! मुलगा सज्ञान झाल्यावर केवळ आईवडील म्हणून त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क आपल्याला राहत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. इंग्लंड आणि वेल्समधला २००५ सालचा मेंटल कपॅसिटी ॲक्ट सांगतो की माणसाला निर्णय घेता येतो असे आधी धरून चालायचे, आणि समजावण्यासाठी शक्य ती सर्व मदत केल्याशिवाय त्याला ते जमत नाही असे म्हणायचे नाही. शेताच्या बाईंनी चित्रे काढून त्याला दाखवले : फिट, तळे, बुडणे. त्याला समजले. बदके नकोत, शेळ्या हव्यात, असे त्यानेच सांगितले. सुरक्षितता अशीही राखता येते. दर वेळी दार बंदच करावे लागते असे नाही.

आता खऱ्या धोक्यांकडे वळू. पहिला जंतूंचा. २००९ साली सरे परगण्यातल्या एका शेतावर जनावरांना हात लावायला आलेल्या पाहुण्यांमध्ये ई. कोलाय ओ १५७ या जंतूचा प्रादुर्भाव झाला आणि ९३ जण आजारी पडले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. हे जंतू निरोगी दिसणाऱ्या गाई, मेंढ्या, शेळ्यांच्या शेणातून आणि लेंड्यांतून येतात. यावर उपाय वाहते पाणी आणि साबण. बाटलीतले जेल त्याऐवजी चालत नाही. जनावरांपासून उठल्यावर, जेवणाआधी आणि बूट काढल्यावर हात धुतलेच पाहिजेत. ज्यांना स्वतःहून आठवत नाही, त्यांच्याजवळ कोणीतरी उभे राहायला हवे. आपल्याकडे डबा हाताने खायची पद्धत असल्याने हे अधिकच महत्त्वाचे.

घरात कोणी गरोदर असेल तर मेंढ्या वितात त्या हंगामात तिने शेतावर जाऊ नये, आणि तिथून आलेले कपडे-बूटही हाताळू नयेत. तेव्हा होणारे काही संसर्ग पोटातल्या बाळाला घातक ठरतात. धनुर्वाताच्या लसीचे इथल्या पद्धतीने पाच डोस पूर्ण झाले आहेत का, हेही जी.पी.कडे तपासून घ्या. भारतात लहानपण गेलेल्यांच्या नोंदी बऱ्याचदा अर्धवट असतात.

दुसरा धोका वाहने आणि जनावरांचा. गंमत म्हणून कोणालाही ट्रेलरवर किंवा एकाच्या बैठकीच्या क्वाड बाइकवर मागे बसवू नये. लहान वासरू असलेल्या गाईजवळ एकटे सोडू नये. आपल्या लेकी-सुनांनी बांगड्या, अंगठ्या, ओढणी घरीच ठेवावी. यंत्रात अडकायला एक टोक पुरते.

तिसरा धोका औषधांचा, आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. मानसिक आजारांवरच्या काही औषधांमुळे ऊन लवकर बाधते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले तर रक्तातले त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. म्हणून औषधांची यादी शेतावर द्यायची ती नावांसकट आणि वेळांसकट. फिट येणाऱ्यासाठी तर लेखी योजनाच हवी : वेळ मोजायची, कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर ९९९. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा आपल्याकडचा उपाय निरुपयोगी आहे आणि त्यात वेळ जातो.

कायद्याबद्दल आपल्या मनात एक गैरसमज असतो : "सरकार तपासत असेलच." धोक्यांचा अंदाज घेणे म्हणजे रिस्क असेसमेंट करणे प्रत्येक मालकाला बंधनकारक आहे. पण पाचपेक्षा कमी नोकर असतील तर तो लिहून ठेवण्याची कायद्याने सक्ती नाही, आणि पुष्कळ केअर फार्म लहानच असतात. रुग्णालये आणि केअर होम्स तपासणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनकडे केवळ दिवसभराचे उपक्रम चालवणाऱ्या शेताला सहसा नोंदणी करावी लागत नाही. 'सोशल फार्म्स अँड गार्डन्स' या संस्थेचे ग्रीन केअर क्वालिटी मार्क आहे, ते घेणे ऐच्छिक आहे. म्हणजे तपासनीस आपणच. पहिल्या भेटीत मी आता पुढील प्रश्न विचारायला सांगते :

१. माझ्या माणसासाठी वेगळे, लेखी रिस्क असेसमेंट आहे का? ते शेवटचे कधी पाहिले गेले?

२. किती जणांमागे किती मदतनीस असतात? एखादा रजेवर असेल तर काय करता?

३. मदतनीस आणि स्वयंसेवकांची डीबीएस तपासणी झाली आहे का, आणि कधी? त्या प्रमाणपत्राला मुदत नसते, म्हणून तारीख विचारायची.

४. प्रथमोपचार कोणाला येतात? शेताच्या टोकाला मोबाइल लागतो का? ॲम्ब्युलन्सला नेमकी जागा कशी सांगणार?

५. तळे, यंत्रे आणि औषधांची खोली यांना कुलूप किंवा कुंपण आहे का?

६. पब्लिक लायबिलिटी विमा किती रकमेचा आहे? प्रमाणपत्र दाखवता का?

७. तक्रार कोणाकडे करायची?

हे प्रश्न विचारल्यावर कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर सरळ दुसरे शेत बघावे. चांगल्या ठिकाणी उलट त्यांना बरे वाटते.

धोका माणसांकडूनही असू शकतो. घरी आल्यावर आपले माणूस अकारण घाबरत असेल, जायला एकदम नकार देत असेल, अंगावर वळ दिसत असतील, खिशातले पैसे जात असतील, तर "कशाला उगाच वाईटपणा घ्या" म्हणून गप्प बसू नका. केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे अशा वेळी चौकशी करणे हे कौन्सिलचे कर्तव्य आहे. ॲडल्ट सेफगार्डिंगचा फोन नंबर फ्रीजवर लावून ठेवा. धोका तातडीचा असेल तर पोलिसांना बोलवा.

आणि आपली बाजू? फिट, पळून जाण्याची सवय, घास अडकणे, राग आल्यावर हात उगारणे, कुत्र्याची भीती, हे सगळे लिहून द्या. स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी 'हर्बर्ट प्रोटोकॉल' नावाचा फॉर्म पोलिसांकडे मिळतो. फोटो, जुने पत्ते, आवडत्या जागा त्यात आधीच भरून ठेवल्या तर माणूस हरवल्यावर शोधाला लगेच सुरुवात होते. आपले माणूस मराठीतच पटकन उत्तर देत असेल तर "दुखतंय", "तहान लागली", "शी-शू", "नको" हे शब्द रोमन लिपीत लिहून द्या. आमच्या शेतावर आता तीन गोऱ्या मदतनिसांना "पाणी हवं?" विचारता येते.

पैशाचेही थोडे सांगते. कौन्सिलकडून गरजांची पाहणी मोफत होते. गरज मान्य झाली तर डायरेक्ट पेमेंट मिळू शकते आणि त्यातून शेताची फी भरता येते. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साली स्वतःची बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सहसा खर्च ज्याचा त्याला करावा लागतो. इथे आईवडिलांची बचत मोजत नाहीत, पण आजीने प्रेमाने नातवाच्या नावावर टाकलेली भारतातली ठेव विचारात घेतली जाते. त्यामुळे मृत्युपत्रात त्याच्या नावे थेट रक्कम ठेवण्याआधी ट्रस्टबद्दल वकिलाचा सल्ला घ्यावा. शेतावर सोबत जायला डायरेक्ट पेमेंटमधून माणूस नेमलात तर तुम्ही मालक ठरता, आणि किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा कायद्याने घ्यावा लागतो. नावाला घाबरू नका, हप्ता त्या मानाने किरकोळ असतो.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव करण्यापेक्षा घर बरे. मी चार वर्षे तेच केले. घरात बैल नव्हता, तळे नव्हते, आणि मुलगा दिवसेंदिवस मिटत चालला होता. आज त्याला एका शेळीची धार काढता येते. त्यानंतर त्याला एकदा फिट आली, तीही शेतावरच. या वेळी कोणाची धावपळ झाली नाही. सगळ्यांना माहीत होते.

असो. त्या ताई मागच्या महिन्यात दिरांना घेऊन शेत पाहून आल्या. फॉर्म भरायला त्यांनी मला बोलावले आहे. "इतर आजार" या ओळीसाठी जादा कागद जोडावा लागणार आहे, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "दोन जोडा."